ढग आणि गुडघा

ऑक्टोबरात कळसूबाईला ग्रुप नेणाऱ्याची परीक्षा पावसात नसते, लख्ख उन्हात असते. आभाळ फुटल्यावर माणसांना खाली पिटाळायला अक्कल लागत नाही. ती आपणच पळतात. पण वर निळं आभाळ, शेवटच्या शिडीखालची विहीर आलेली, माथा हाकेवर, आणि तिथे "इथूनच परत" म्हणायचं, तेही आपल्याला स्वतःला पुरतं पटलेलं नसताना, हे मला जमतं असं आजही छातीठोक सांगवत नाही.

पटेपर्यंत थांबलं की उशीर होतो, हीच तर गोम आहे. परतीच्या पावसाचे ढग बहुधा पूर्वेकडून, देशावरून सरकत येतात. जुलै-ऑगस्टच्या सवयीने सगळे पश्चिमेला बघत असतात. फोटोही तिकडचेच, अलंग-मदन-कुलंगचे. पाठीमागे अकोल्याच्या बाजूला ढग वाढत असतो. त्याच्या माथ्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या रेखीव आहेत तोवर हातात थोडा वेळ असतो. त्या विसविशीत झाल्या की वर बर्फ धरला म्हणून समजावं. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच. ती ढगापासून दहा किलोमीटरवरही पडते. आणि आपली उतरायची वाट लोखंडी शिड्यांवरून. सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांना रांग. रांगेला घाई कळत नाही.

रांगेबद्दल बोलू नये, पण बोलतेच. मुंबई-पुण्याहून रात्री बसगाड्या निघतात, पहाटे बारी गावात रिकाम्या होतात. माथ्यावरचा ग्रुप फोटो पॅकेजमध्येच धरलेला. तो राहिला तर लोक पैसे परत मागणार, मग लीडर पोरगा तरी काय करील? गळ्यात शिट्टी, ढगाकडे पाठ. त्याला नावं ठेवताना मला जे सुख होतं, तेही काही फार चांगलं नव्हे. १६४६ मीटर केलं, हे सांगायची हौस आमच्या क्लबातही कमी नाही.

यंदा माझा उजवा गुडघा बिनसला. चढताना गप्प असतो, उतरताना प्रत्येक पायरीला हिशेब मागतो. चढायला लागतो तेवढाच वेळ आता उतरायला लागतो. त्यामुळे परत फिरायची माझी वेळ अलीकडे सरकली आहे, आणि लोकांना वाटतं, ताईंना ढग वाचता येतात. मागच्या खेपेला विहिरीपाशी मी हात वर केला. ग्रुप कुरकुरत वळला. बारीत चहा घेताना पूर्वेला गडगडलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते कौतुक मी मुकाट खिशात घातलं.

हात वर केला तेव्हा ढगाच्या कडा रेखीव होत्या की विसविशीत, हे मला आठवत नाही. शिडीवरून उलटं उतरताना गुडघा कुठे अडेल, ते मात्र स्पष्ट दिसत होतं.

शेपटाला चालणाऱ्या आमच्या मुलीने विचारलं, "ताई, तुम्ही नक्की काय बघून ठरवलंत?" मी तिला पूर्वेचा वारा सांगितला, ढगाच्या कडा सांगितल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. तिच्या पायांनी ग्रुपला अर्धा तास जास्त मिळाला असता, कदाचित माथाही. ग्रुपची वेळ सगळ्यात हळू माणसाच्या पायांवर लावायची, हे मीच वर्षानुवर्षं नव्या पोरांना शिकवलं. तो माणूस आपणच असू, हे कधी मनात आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला ती पुढे, मी शेपटाला, असं ठरलं आहे. परत फिरायचा हात मात्र मीच वर करणार, हे तिला बजावून ठेवलंय. शेपटाचा हात पुढच्यांना दिसत नाही, हे ती बोलली नाही. तेवढा मान ती मला देते.