जालकाला एकच तापमान?

लेझरचा अतिलघू स्पंद धातूवर पडला की ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांना मिळते आणि त्यांच्याकडून अणूंच्या जालकाकडे जाते. या देवाणघेवाणीचं वर्णन करायला दोन तापमानं पुरेशी आहेत, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. विद्यार्थ्यांनाही मी ते मनापासून शिकवलं. आज ते मत मी सोडलं आहे. का सोडलं, ते मोकळेपणाने सांगायचं आहे.

दोन तापमानांच्या या प्रारूपाचा पाया कागानोव्ह, लिफशिट्झ आणि तानातारोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात घातला. १९७४ साली अनिसिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लेझर स्पंदांना लावलं. दोन टाक्या आणि मधे एक नळी, अशी ती कल्पना. इलेक्ट्रॉनांची टाकी लहान. जरा ऊर्जा मिळाली की तिची पातळी हजारो अंशांवर चढते. जालकाच्या कंपनांची, म्हणजे फोनॉनांची टाकी खूप मोठी. नळीची रुंदी सांगणारा एकच आकडा. काही पिकोसेकंदांत दोन्ही पातळ्या सारख्या. इतक्या थोडक्यात एवढं सांगणाऱ्या प्रारूपाची भुरळ पडणं साहजिक होतं.

१९९२ साली सोन्याच्या पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा थेट मोजली गेली. स्पंद पडल्यावर काही शे फेमटोसेकंद त्यांना तापमान म्हणावं अशी स्थितीच येत नाही, असं दिसलं. तरी माझं मत ढळलं नाही. अडचण पहिल्या क्षणांपुरती आहे, असं मी म्हणत असे. ग्राफाइटमध्ये काही ठरावीक कंपनंच आधी ऊर्जा घेतात, हेही ठाऊक होतं. पण ग्राफाइट काही साधा धातू नव्हे.

ॲल्युमिनियम मात्र साधा धातू आहे. त्याचे इलेक्ट्रॉन जवळपास मुक्त, आणि फोनॉनांच्या शाखा तीनच: एक अनुतरंगांची (अणू तरंगाच्या दिशेनेच हलतात), दोन अवतरंगांच्या (अणू त्या दिशेला आडवे हलतात). बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या वाल्डेकर, अर्नस्टॉर्फर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पातळ पापुद्र्यावर प्रयोग केला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध केला. लेझरने पापुद्रा तापवायचा आणि लगोलग त्यातून इलेक्ट्रॉनांचा अतिलघू झोत पाठवायचा. पलीकडे विवर्तनाची वर्तुळं उमटतात. अणू जितके जास्त हलतात, तितकी ती वर्तुळं फिकी पडतात. या फिकेपणावरून दोन तापमानांच्या हिशेबाने काढलेला नळीचा आकडा मूलतत्त्वांपासून केलेल्या गणिताने काढलेल्या आकड्याशी जुळेना. तिन्ही शाखांना वेगवेगळं तापमान दिलं, तेव्हा मेळ बसला. इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा मुख्यतः अनुतरंगांना देतात. अवतरंगांच्या वाट्याला ती सावकाश येते. शिवाय तेवढ्याच ऊर्जेत जास्त वारंवारतेचं कंपन अणूंना कमी हलवतं. म्हणून ऊर्जा किती पोचली एवढं पाहून भागत नाही. ती कोणत्या कंपनांत पोचली, हेही वर्तुळांच्या फिकेपणात मिसळलेलं असतं.

इतक्या साध्या धातूतही हे घडतं म्हटल्यावर अपवादाची सबब उरली नाही. ही बाब किरकोळही नाही. अतिवाहक धातूंमध्ये इलेक्ट्रॉन आणि फोनॉन एकमेकांशी किती घट्ट जोडलेले आहेत, हे अशाच लेझर प्रयोगांवरून काढण्याची पद्धत १९९०पासून रूढ आहे. हिशेबाची चौकट तोकडी असेल, तर तो आकडा धातूचा गुणधर्म म्हणून पुढे नेणं धोक्याचं आहे.

दोन तापमानांचं प्रारूप टाकून द्यावं, असं मी म्हणत नाही. धातू वितळेल की नाही, साधारण किती वेळात थंड होईल, याचा ढोबळ अंदाज घ्यायला ते आजही उत्तम आहे आणि मी ते शिकवत राहणार आहे. पण या विषयात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी विनंती आहे: पहिल्या काही पिकोसेकंदांसाठी ‘जालकाचं तापमान’ असं लिहिण्याआधी थांबा, आणि कोणत्या फोनॉनांचं, ते आधी विचारा.