नववीची गोष्ट

एखादे पुस्तक आवडले हे कबूल करायलाही धीर लागतो, हे मला यंदा कळले. पुस्तक म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. ‘मौज’ने 2004 साली काढलेली ही कादंबरी मला योगायोगानेच मिळाली. कोणीतरी परत केलेली प्रत ग्रंथालयाच्या टेबलावर पडली होती. नावावरून काहीतरी बोधपर असेल असे समजून मी ती नेली, आणि धाराशिवच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत पहिले पान उघडले.

बोध कसला! आणीबाणीचा काळ, एक लहानसे गाव, आणि वर्गातल्या शिरोडकरवर जीव जडलेला नववीतला मुकुंद जोशी. सुऱ्या, चित्रे, फावड्या ही त्याची दोस्तमंडळी अर्धवट बांधलेल्या इमारतीत बैठक मारून बसणारी. ती दिसली तर दिवस सोन्याचा, न दिसली तर मातीचा. एवढेच! पण जोशी हे सारे आपल्या शाळकरी बोलीत इतके खरे सांगतो की, एस.टी.त मला हसू आवरेना. शेजारच्या आजीबाई सरकून बसल्या.

घरी अण्णांनी विचारले, ‘‘काय वाचायलीस गं?’’

‘‘अभ्यासाचं हाय,’’ मी म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. फी भरायची म्हणून अण्णांनी भाव चढायची वाट न पाहता सोयाबीन विकले होते. त्या पैशावर शिकणाऱ्या मुलीने प्रेमाची गोष्ट वाचून हसावे? मी पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले.

त्याच आठवड्यात वर्गात फडके-खांडेकर वाद शिकवला गेला. फडके म्हणत ‘कलेसाठी कला’, खांडेकर म्हणत ‘जीवनासाठी कला’. टिपणे घेताना मी मनातून फडक्यांच्या बाजूची होते. पण खांडेकरांनी आपल्याला चोरी करताना पकडले आहे, असे वाटत होते!

नागपंचमीला अक्का माहेरी आली. आमच्या गावची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी शेजारच्या गावी चालत जावे लागे. त्या वाटेवर कोणी मुलगा सायकल घेऊन उभा राहतो, अशी कुजबुज उठली आणि अक्काची शाळा सुटली. त्या मुलाचे नावही तिला ठाऊक नव्हते. पुढल्या वर्षी तिचे लग्न झाले.

दुपारी झोके खेळून आल्यावर तिने माझे पुस्तक उचलले. बोट ठेवून, अक्षर लावत वाचू लागली. मग हसू लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! लग्नानंतर तिला इतके हसताना मी पाहिले नव्हते. मध्येच थांबून तिने विचारले, ‘‘नववीत एवढी मज्जा असती व्हय गं?’’

ओसरीवर अण्णा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मला राहवले नाही. म्हणाले, ‘‘अण्णा, ते अभ्यासाचं न्हाई. गोष्ट हाय, प्रेमाची.’’

‘‘कळलंय मला,’’ अण्णा खाली बघतच म्हणाले. ‘‘वाचू दे तिला.’’

परीक्षेत फडके-खांडेकर वादावर प्रश्न आला तर दोन्ही बाजू मांडून मी रीतसर उत्तर लिहीन. पण अक्काचे ते हसणे कोणत्या बाजूला मांडायचे, हे मला अजून सुचलेले नाही. कलेसाठी म्हणावे, तर त्यात तिचे सबंध आयुष्य आले. जीवनासाठी म्हणावे, तर ती नुसतीच पोट धरून हसत होती.

पुस्तक अक्काबरोबर सासरी गेले. महिन्याने परत आले तेव्हा शेवटच्या पानांवर हळदीची बोटे उमटलेली होती. दंड भरताना ग्रंथपालांनी विचारले, ‘‘एवढे दिवस लागले वाचायला?’’

मी ‘हो’ म्हणाले. दंडाचे पैसे अण्णांनीच दिले होते.

— बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी