हॅलिफॅक्सच्या पुढे

आमच्या सुनेची आजी 2020 साली वारली तेव्हा सत्त्याण्णव वर्षांची होती. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका खेड्यात तिनं चौऱ्याहत्तर वर्षं काढली. पण तिच्यावर जे छापून आलं त्यात ठळक होतं ते एवढंच, की ती दुसऱ्या महायुद्धातली युद्धवधू, म्हणजे कॅनेडियन सैनिकाशी लग्न करून बोटीनं इकडे आलेली. सून वैतागून म्हणाली, ‘‘जहाजावर ती जेमतेम आठवडाभर होती. बाकीच्या आयुष्याचं काय?’’ ते माझ्या डोक्यात राहिलं. पुढं मुलाकडे टोरांटोला गेले, तेव्हा नायगराचा बेत मोडून ऑक्टोबरात, या वधूंच्या बोटी लागत ते हॅलिफॅक्स गाठलं.

राहायची जागा जाहिरातीत ‘समुद्र दिसणारी’ होती. दिसायचा, कमोडच्या झाकणावर उभं राहिलं तर, आणि तेही दोन क्रेनच्या फटीतून. न्याहारीला मालकीणबाई थंड मफिन झाकून गायब व्हायच्या. किल्ल्यावरची दुपारची तोफ ऐकली, टायटॅनिकच्या मृतांची दफनभूमी बघितली, पेगीज कोव्हचं दीपगृह पुढं ढकललं आणि थेट पिअर 21 वर गेले.

धक्क्यावरची ही लांबलचक शेड. आता तिथं स्थलांतराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. 1928 ते 1971 या काळात सुमारे दहा लाख माणसं इथून देशात आली. युद्धात मात्र प्रवाह उलटा होता. जवळजवळ पाच लाख सैनिक इथून बोटीत चढले. पहिली मोठी तुकडी डिसेंबर 1939 मध्ये ब्रिटनला पोचली आणि जानेवारी सरायच्या आत त्यातल्या एकानं ऑल्डरशॉटजवळ लग्नही उरकलं! 1942 चा फ्रान्समधल्या दिएपवरचा रक्तबंबाळ हल्ला सोडला, तर 1943 च्या उन्हाळ्यापर्यंत ही फौज मुख्यतः इंग्लंडच्या दक्षिणेत तळ ठोकून होती. हातात पगार, संध्याकाळी नाचाचे हॉल आणि उद्याचा भरवसा नाही. 1946 अखेरपर्यंत सुमारे 48 हजार लग्नं लागली. बहुतेक मुली ब्रिटिश, दोनेक हजार हॉलंडच्या, थोड्या बेल्जियम-फ्रान्सच्या.

सैनिकाला लग्नासाठी वरिष्ठाची परवानगी लागे. या बायकांच्या प्रवासासाठी लष्करानं ऑगस्ट 1944 मध्ये लंडनला वेगळी कचेरीच उघडली. सासरपर्यंतचं भाडं सरकारनं भरलं. 10 फेब्रुवारी 1946 ला त्यांना घेऊन ‘मॉरेटेनिया’ ही बोट पिअर 21 ला लागली, मागोमाग ‘अक्विटानिया’, ‘लेटिशिया’ आणि इतर. एकूण त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार बायका आणि एकवीस हजार मुलं. वर्षानुवर्षं रेशनवर काढलेल्या या मुलींना बोटीवरच्या जेवणात शुभ्र पाव दिसला. म्हाताऱ्या होईस्तोवर त्या पावाच्या आठवणी सांगत राहिल्या. शेडमधून पूल ओलांडला की खास गाड्या उभ्या असत.

संग्रहालय इथं थांबतं. बाई गाडीत चढली, कथा संपली. तिथं भेटलेल्या एका अभ्यासक बाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, बहुतेकजणी रुळल्या, संसार टिकले. मी म्हटलं, टिकलेल्यांनीच आठवणी लिहिल्या. ज्या माहेरी परतल्या त्यांनी कशाला लिहाव्यात? आणि साठ वर्षांनी पासपोर्ट मागायला गेलेल्या काहींना ‘तुम्ही नागरिकच नाही’ असं ऐकावं लागलं, त्याचं काय? नागरिकत्वाचा कायदा 1 जानेवारी 1947 चा. त्याच्या फटीत अडकलेल्यांपैकी बऱ्याचजणांना 2015 च्या दुरुस्तीनं कुठं न्याय मिळाला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘खरं आहे. पण त्यांना बिचाऱ्या करून टाकणं हाही अन्यायच की.’’ यावर मला उत्तर सुचेना. आजीच्या खेड्याकडे जायला तिकीट काढून मी मॉंट्रियलला जाणाऱ्या ‘ओशन’ गाडीत बसले. पेगीज कोव्ह राहिलंच.

ॲमहर्स्ट मागं टाकून गाडी टँट्रामारच्या दलदलीत शिरते. नजर पोचेल तिथवर पिवळं गवत. या पाणथळीला बांध घालून शेती पिकवली ती अकेडियन लोकांनी; फ्रेंच बोलणाऱ्या, कॅथलिक शेतकऱ्यांनी. इथलाच बोसेझूर किल्ला जून 1755 मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि त्याच वर्षी हॅलिफॅक्सहून लेफ्टनंट गव्हर्नर लॉरेन्सनं सगळ्या अकेडियनांना हुसकावायचा हुकूम सोडला. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून अधिक लोकांना बोटीत कोंबून देशोधडीला लावलं. कितीतरी वाटेतच मेले. काही रानात लपले, काही परतले आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर नव्यानं वसले.

आजीचं सासर त्यांच्यातलंच. नवरा ‘नॉर्थ शोर’ रेजिमेंटमधला, 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरलेला. म्हणजे ससेक्सची ही इंग्रज, प्रॉटेस्टंट पोर कडेवर मूल घेऊन अशा घरात शिरली, जिथं इंग्रजांनी पणजोबाच्या पणजोबाला कसं हाकललं हे शेगडीपाशी बसून सांगत. वीज नाही, संडास अंगणापलीकडे बर्फात. सासू इंग्रजीचा शब्द उच्चारत नसे. तिला इंग्रजी येत होतं, हे आजीला तिसऱ्या वर्षी कळलं!

मिरामिशीला उतरले तेव्हा अंधार पडला होता. आजीचे जुने शेजारी गाडी घेऊन आले होते. युद्धवधूचा विषय काढताच म्हणाले, ‘‘हो, तेही होतंच. आम्हाला मात्र ती पोस्टातली बाई.’’ खेड्याचं पोस्ट तिनं कितीतरी वर्षं चालवलं. पाकिटांवरचे पत्ते वाचत आणि सासूची बोलणी खात ती फ्रेंच शिकली. निरक्षर म्हाताऱ्यांची पत्रं वाचून द्यायची, सरकारी अर्ज इंग्रजीत भरून द्यायची. 1969 साली प्रांतानं दोन्ही भाषांना राजमान्यता दिली. तिच्या खिडकीवर ते केव्हाच झालं होतं. कुणाला कुठून पैसे येतात, कुणाचं पत्र येत नाही, सगळं तिला ठाऊक. बाहेर एक अक्षर गेलं नाही.

परतीची गाडी रोज नसते, त्यामुळं मुक्काम लांबला आणि गादी हॅलिफॅक्सपेक्षा कितीतरी बरी निघाली. माशाचं दाट सूप ओरपत मी ऐकत राहिले: हिशेबात ती सेंटही सोडत नसे, पत्ते खेळताना फसवायची, नव्वदी ओलांडल्यावरही गाडी स्वतः चालवायची. सुनांशी मात्र तिचं कधीच पटलं नाही; आणि ते दोन्ही भाषांत पटलं नाही.