काळी एकचा गंधार

आमच्या वाड्यावर एक म्हातारे वादक राहतात. उमेदीच्या काळात बोटीवरच्या बँडमध्ये होते. आम्ही सगळे त्यांना नुसतं अंकल म्हणतो. गेल्या पावसाळ्यात, एका संध्याकाळी, ते छत्री मिटत आमच्या व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "बाब, म्हजे कान गेले. ती गिटार विकपाची."

ती गिटार म्हणजे पेडल स्टील. गळ्यात अडकवायची नव्हे. चार पायांवर उभं केलेलं अरुंद टेबल म्हणा ना. त्यावर दहा तारा, डाव्या हातात लोखंडी दांडी, खाली पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना वान शिपली यांच्यामुळे हवाईयन गिटार ठाऊक असते, तिचीच ही अमेरिकन पुतणी. पेडल दाबलं की ठरावीक तारा ठरावीक सुरापर्यंत ओढल्या जातात, आणि बाकीच्या तारा जागच्या जागी असतात. १९५४ साली गाजलेल्या वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि तो सरकणारा सूर पुढे अमेरिकेच्या कंट्री संगीताची ओळखच होऊन बसला.

अंकलची गिटार कैक वर्षं पेटीत बंद होती. मुलाने आखातातून सूर दाखवणारं छोटं यंत्र पाठवलं, तेव्हा उत्साहाने बाहेर काढली. यंत्राचा हिरवा दिवा लागेपर्यंत एकेक तार जुळवली. पेडल दाबून वाजवलं, तर सगळं बेसूर! यंत्र बरोबर म्हणतंय आणि आपल्याला चूक ऐकू येतंय, म्हणजे कान गेले, असा त्यांनी सरळ हिशेब केला.

मी पेटी वाजवणारा माणूस. पेडल स्टीलमधलं मला काय कळणार? पण कान गेले म्हणून वाद्य विकायचं हे काही मला पटेना.

आधी तारा बदलल्या. गोव्याच्या हवेत लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. तिसरी तार सर्वांत बारीक, इंचाचा अकरा-हजारांश. ती चढवतानाच तुटली. (हिच्यावर पेडलचा ताण सारखा येत असल्याने तुटण्यातही हिचाच पहिला नंबर.) दुसरी चढवली. तर पेडल सोडल्यावर ती कधी जागेवर यायची, कधी किंचित चढीच राहायची.

गिटार उलटी केली तेव्हा एकदम सायकलच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. पेडलपासून एक उभी सळई वर जाते, ती आडव्या दांड्याला फिरवते, दांडा आडवी सळई ओढतो, आणि ती सळई तारेखालचं बोट हलवते. सळईच्या टोकाला उजव्या अंगाला नायलॉनची चाकी असते. रिकाम्या तारेचा सूर खुंटीने लावायचा आणि पेडल दाबल्यावरचा सूर त्या चाकीने. अंकलनी घाईत रिकामा सूरही चाकीनेच ओढून घेतला होता. मग सळईला ढिलाई उरली नाही, आणि बोट विसाव्याच्या जागेवर न टेकता अधांतरीच राहिलं. याची परीक्षा सोपी आहे. पेडल न दाबता चाकी सैल करत जायची; रिकामी तार उतरली तर ती सळईने धरून ठेवली होती असं समजायचं. आमची उतरली. चाकी थोडी खेळती ठेवली, खुंटीने सूर पुन्हा लावला. बोटांच्या सांध्यांत जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला.

पहिलं पेडल मात्र पुरतं ओढेना. तासभर चाकीशी झटलो. शेवटी अंकलच्या सुनेला दिसलं, की ते पेडल आपल्या थांब्यापर्यंत पोचायच्या आधीच फरशीला टेकतंय. जोडताना दोन पेडलांच्या उभ्या सळयांची अदलाबदल झाली होती! असो.

एवढं होऊनही अंकलचं तोंड वाकडंच. पहिली दोन पेडलं एकत्र दाबली की ए मेजर मिळतो. यंत्र हिरवं आणि अंकल मान हलवताहेत. पेडल दाबताना लाकूड किंचित लवतं आणि इतर तारा केसभर उतरतात, तो दोष या वाद्याला असतोच. पण अंकलना टोचत होता एकच सूर, पाचव्या तारेवरचा. बी वरून सी शार्पवर आलेला. आमच्या भाषेत, पांढरी सहाच्या षड्जाचा काळी एकवरचा गंधार.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो, हे प्रत्येक पेटीवाल्याला गवयांनी कधी ना कधी ऐकवलेलं असतं. बारा सुरांत सप्तक सारखं वाटलं की गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास. ते यंत्र पेटीच्या जातीचं होतं.  आणि इथे सूर लांबत राहतो, त्यामुळे जास्तच बोचतो.

बायकोचा तंबोरा पांढरी सहातच लागतो. तो आणून छेडत बसलो आणि चाकीची चावी अंकलच्या हातात दिली. यंत्र बंद. त्यांनी डोळे मिटून, पेडल दाबून, चाकी इतकीशी फिरवली. थांबले. परत इतकीशी. मग डोळे उघडून दांडी सरकवत पूर्ण कॉर्ड वाजवला आणि काही बोललेच नाहीत. मी यंत्र लावून पाहिलं, काटा मधल्या रेघेच्या तेरा-चौदा घरं खाली होता.

कानाच्या डॉक्टरांकडे ते नंतर गेले. वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालंय, हे खरंच निघालं. पण गिटार विकण्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. त्या रात्री मी तंबोऱ्याला गवसणी घालायला लागलो, तर म्हणाले, "आयज हांगाच आसूं दी."

तो आठवडाभर तिथेच होता. बायकोने दोनदा विचारलं.