पहिली मूठ

आमच्या घरात डालड्याचा एक डबा होता. त्याच्या पिवळ्या पत्र्यावरचं झाड घासून घासून निम्मं उडालेलं. भाकरी करायला बसण्याआधी माय त्यात मूठभर पीठ टाकायची, कधी दादर ज्वारीचं, कधी बाजरीचं. आम्हा भावंडांपैकी कुणी आधी परातीत पीठ घेतलं की ती अहिराणीत दटावायची, "पहिली मूठ त्यानी, मंग आपली." पहिली देवाची, मग आपली.

पारोळ्यात ख्रिस्ती घरं मोजकी. वडील पश्चिम खानदेशातले. तिकडे नवापूर-नंदुरबारच्या बाजूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. १८९० साली फ्रेडरिक फ्रान्सन यांनी अमेरिकेत काढलेली ही संस्था. आजोबा त्या माणसांच्या सहवासात ख्रिस्ती झाले, वडील शिकून मास्तर झाले आणि बदली होऊन किल्ल्याच्या या गावात राहिले. शेजार सगळा हिंदू. नाताळला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या, दिवाळीला त्यांचा फराळ आमच्याकडे यायचा. रविवारची उपासना आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी व्हायची, आणि डबा तिथे जायचा. त्यातलं पीठ पाळकांच्या घरी किंवा मंडळीतल्या एखाद्या नडलेल्या कुटुंबाला. हंगामाच्या सणाला मात्र धमाल असे. भरताची वांगी, केळीचा घड, अंडी, एखादी कोंबडी, सगळ्याचा लिलाव. एका वांग्यासाठी दोन मास्तर हट्टाला पेटलेले मी पाहिले आहेत.

मूठ काढण्याची चाल काही आमचीच नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडाच्या धान्यावर वसतिगृहातली पोरं जेवू घातली. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बाया प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी काढून ठेवतात.

मला हा डबा खरा कळला तो १९७२ च्या दुष्काळात. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि घशाखाली उतरायला पाणी लागायचं. बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, तिथे सुकडी मिळे. वडिलांचा पगार चालू होता म्हणून आमची चूल पेटत होती. भिंतीपलीकडची बाई मात्र तापानं पडली, तिची मजुरी बुडाली, आणि घरात लहान पोरं. एका शनिवारी मायनं डबा भिंतीवरून तिच्या हाती दिला.

वडिलांना ते रुचलं नाही. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता, पण म्हणाले, "ते मंडळीचं होतं. प्रभूला वाहिलेलं आपण परस्पर कसं वाटायचं?"

माय भाकरी उलटत म्हणाली, "तिनं घर बी त्यानंच शे." तिचं घरही त्याचंच आहे.

वाद तिथे संपला नाही. बरेच दिवस जेवताना तो चालला. वडील दशांशाचे दाखले देत, माय शोमरोनी माणसाची गोष्ट काढी. ती गोष्ट तिला पाठ होती, कारण वाचता फारसं येत नव्हतं. आज विचार करते तेव्हा वडिलांची बाजू कच्ची वाटत नाही. मंडळीच्या डब्यात टाकलं की कुणाला मिळालं हे आपल्याला कळत नाही. त्यामुळे आवडता-नावडता असा भेद राहत नाही, उपकाराचा माजही चढत नाही. हातानं दिलं की घेणाऱ्याची मान आपल्यापुढे खाली जाते. हा धोका मायला कळत असावा, कारण त्या बाईशी ती ओट्यावर पूर्वीसारखीच भांडत राहिली. शेवटी एका रविवारी वडिलांनी पिठाची किंमत दानाच्या थाळीत टाकली आणि वाद मिटवला. मला त्या दोघांमधलं हे फार आवडतं.

सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही असं शास्त्रात आहे. आमचा डबा त्या वर्षी सरला. काही दिवस मूठ निघाली नाही, मग चिमूट निघू लागली.

पुढे मी धुळ्यात नर्सिंगला असताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. १९३४ साली पहिला भाग आलेलं हे पुस्तक लोक विनोदासाठी वाचतात. मला त्यात देणाऱ्याची बायको दिसली. त्यांचे पती टिळक उदार, हातात आलेलं टिकू द्यायचे नाहीत, आणि संध्याकाळी काय शिजवायचं याची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची. ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या पुरुषांबद्दल आपण खूप बोलतो, त्यांच्या घरातल्या पिठाबद्दल कमी. मायचं देणं मापात होतं. मूठ तिची, भाकरी तिची, आणि कमी पडली तर अर्धी भाकरीही तिचीच. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून तिनं पुण्य केलं नाही.

नोकरीत रात्रपाळ्या, लग्न, बदल्या. त्या वर्षांत डब्यात पिठाऐवजी सुटे पैसे पडले, मग तो गंजून गेला. मुलगा पुण्याला असतो. पगार झाला की दहावा हिस्सा फोनवरून आपोआप मंडळीच्या खात्यात जातो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, ते फोननं चोख साधलं. पण शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे त्याला दोन वर्षांनीही सांगता आलं नाही. "मम्मी, वेळ कुठे असतो?" म्हणाला. दहावा हिस्सा देणाऱ्याला एवढं विचारायचा हक्क आईला आहे, म्हणून मी विचारत राहते.

मी निवृत्त होऊन पारोळ्यालाच परतले. आता प्लास्टिकची बरणी आहे. तिच्यातलं पीठ कधी उपासनेला जातं, कधी कापूस वेचायला आलेल्या बिऱ्हाडाकडे. कुठे जावं हे मी आधी ठरवत नाही.

तुम्हाला असा डबा ठेवावासा वाटला तर दादरचं किंवा गव्हाचं पीठ काढा. बाजरीचं काढलंत तर आठवड्याच्या आत कुणाला तरी द्या, ते लवकर कडू होतं.