पडदा काळा, मशीन चालू

हॅकिंटॉशवर, म्हणजे मॅकची सिस्टिम चढवलेल्या साध्या पीसीवर, ग्राफिक्स कार्ड खरोखर लागलंय का, हे ओळखायची मॅक ओएस एक्सच्या टायगर-लेपर्ड आवृत्त्यांच्या दिवसांत एक सोपी परीक्षा होती. डॅशबोर्डवर एखादं विजेट टाकायचं. पाण्यात खडा पडल्यासारखे तरंग उठले, तर क्वार्ट्झ एक्स्ट्रीम (क्यूई) आणि कोअर इमेज (सीआय) दोन्ही सुरू. विजेट नुसतंच येऊन बसलं, तर चित्र दिसतंय खरं, पण कार्ड रिकामं बसलंय आणि सगळा भार प्रोसेसर ओढतोय. मग खिडकी सरकवताना अडखळायची, लेपर्डचा मेनूबार पारदर्शक व्हायचाच नाही. हॅकिंटॉश बांधणारे दोघे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘क्यूई-सीआय मिळालं का रे?’

ॲपलने इंटेलकडे वळत असल्याचं २००५ च्या जूनमध्ये जाहीर केलं आणि २००६ च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले. मॅकच्या पोटातला प्रोसेसर आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतही मिळणार होता. पीसीवर मॅकची सिस्टिम चढवणं ॲपलच्या परवान्यात बसत नव्हतं. सिस्टिमच्या आतच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ नावाची एक केक्स्ट (सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेला भाग) होती, ती पाहिली की मन क्षणभर थबकायचं. पण यंत्र स्वतः जुळवायची ओढ त्याहून मोठी होती.

कार्डाची अडचण नेमकी कुठे होती, हे समजायला मला बराच काळ लागला. आणि समजलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. खऱ्या मॅकमध्ये कार्डाची ओळख फर्मवेअरच करून द्यायचं: नाव काय, मेमरी किती, चित्र कुठल्या पोर्टातून बाहेर पडतं. साध्या पीसीच्या बायोसकडे ही माहिती त्या रूपात नसायची. ड्रायव्हर सिस्टिममध्ये हजर, कार्ड स्लॉटमध्ये हजर, पण दोघांची गाठ घालून देणारं कुणी नाही. नॅटिट, एनव्हीइंजेक्ट यांसारख्या केक्स्ट ते काम करायच्या. कधी ड्रायव्हरच्या इन्फो डॉट पीलिस्टमध्ये आपल्या कार्डाचा डिव्हाइस आयडी हाताने घालायचा, परवानग्या दुरुस्त करायच्या, कॅश पुसायची, रीस्टार्ट करायचं. पुढे कमेलियन बूटलोडरमध्ये ‘ग्राफिक्सएनेबलर=यस’ एवढं लिहून बऱ्याच कार्डांचं भागू लागलं.

खरेदीही त्याच हिशेबाने व्हायची. दुकानात ८८०० जीटी मागायची, कारण २००८ च्या मॅक प्रोमध्ये ॲपलने तीच पर्याय म्हणून दिली होती. ती संपली असेल तर ९८०० जीटी, कारण आत चिप त्याच घराण्यातली. सगळ्यांत ताकदवान कार्ड कोणतं, हा प्रश्नच नसायचा.

आवाज आला नाही तर निदान पडद्यावर बघून कारण शोधता यायचं. डिस्क सापडली नाही तर ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ अशी ओळ तरी समोर यायची. ग्राफिक्सचं दुखणं वेगळं, कारण ज्यातून दुखणं कळायचं तेच बंद. ‘मायनस व्ही’ देऊन बूट करायचं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या, ‘जीआयओस्क्रीनलॉकस्टेट ३’पाशी अडकायच्या, आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून झोपी जायचा. अशा वेळी कॅप्स लॉक दाबून बघायचं. दिवा लागला, म्हणजे आत जीव आहे. मग शेजारच्या लॅपटॉपवरून एसएसएचने त्या मशीनमध्ये शिरायचं आणि लॉग वाचत बसायचं. डेस्कटॉप तयार, लॉगिन झालेलं, फक्त मॉनिटरपर्यंत काहीच पोचत नाही! काही आयमॅकची ओळख दिली की ॲपलची एक पॉलिसी-केक्स्ट बोर्ड आयडी बघून कार्डाचं चित्र अडवायची, हे अशाच शोधातून लोकांना उमगलं. रेडिऑन आरएक्स ५००० मालिकेच्या वेळी तर ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ एवढी एक सूचना काळा पडदा उजळायला पुरेशी व्हायची.

इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचं तंत्र आणखी बारीक. यूएचडी ६३० साठी ३ई९बी०००७ हा फ्रेमबफर निवडायचा, पण कॉन्फिगमध्ये तो बाइट उलटे करून ०७००९बी३ई असा लिहायचा. त्यानंतरही एचडीएमआयवर अंधार राहिला, तर कनेक्टरचा प्रकार बदलून बघायचा. चित्र तारेपर्यंत कुठल्या वाटेने जातं, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नीट शिकवलं नसतं.

ही कला शेवटच्या काही वर्षांत फार सुंदर झाली, असं माझं ठाम मत आहे. लिलू आणि व्हॉटएव्हरग्रीन या केक्स्ट आल्यावर सिस्टिमच्या फायलींना हात लावायची गरजच उरली नाही. बूट होताना मेमरीतच दुरुस्ती व्हायची. वेगवेगळ्या कार्डांसाठीची सुटी जोडकामं २०१८ मध्ये व्हॉटएव्हरग्रीनमध्ये एकत्र आली, पाठोपाठ ओपनकोअर हा नवा बूटलोडर आला. पूर्वी प्रत्येक अपडेटला धडकी भरायची, ती बरीच कमी झाली. एनव्हिडियावाल्यांचं दुःख मात्र मोठं. त्यांचा वेब ड्रायव्हर सिस्टिमच्या बिल्ड क्रमांकाशी बांधलेला, म्हणून साध्या सुरक्षा-अपडेटनंतरही नव्या ड्रायव्हरची वाट पाहावी लागे. २०१८ मध्ये मॅकओएसची मोजावे ही आवृत्ती आली आणि तिच्यासाठी तो ड्रायव्हर आलाच नाही. जीटीएक्स १०६० सारखी उत्तम कार्डं मॅकपुरती तिथेच संपली. ज्यांना जमलं ते आरएक्स ५८० कडे वळले.

आज टेबलावर एम मालिकेचा मॅक आहे. ग्राफिक्स त्याच चिपमध्ये, मेमरी प्रोसेसरची आणि ग्राफिक्सची एकच. खोका उघडला, वायर लावली, चित्र आलं. व्हिडिओ कापताना पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. हे यंत्र जुन्यापेक्षा सर्व बाजूंनी सरस आहे, आणि तरी त्याचं कार्ड मी निवडलेलं नाही, उद्या बदलूही शकणार नाही, ही गोष्ट मला मनापासून खुपते. २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस, असं ॲपलने सांगून टाकलंय. म्हणजे नव्या आवृत्त्यांसाठी हॅकिंटॉशची वाटही तिथवरच.

पण ती जिद्द संपलेली नाही, ती उलट्या दिशेने निघाली आहे. तेव्हा आम्ही ॲपलची सिस्टिम परक्या कार्डावर चढवत होतो. आता ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाची मंडळी ॲपलच्या चिपवर लिनक्स चढवत आहेत. त्या ग्राफिक्ससाठी ॲपलने कागदपत्रं दिलेली नाहीत, म्हणून चिप कशी वागते हे बघत बघत त्यांनी ड्रायव्हर मुळापासून लिहिला. २०२३ मध्ये ओपनजीएल ईएस ३.१ ची आणि २०२४ मध्ये ओपनजीएल ४.६ ची अधिकृत मान्यता त्याला मिळाली. हॅकिंटॉशवर रात्री घालवलेल्या कुणालाही मी आधी त्यांच्या नोंदी वाचायला सांगतो.