ठिणगीची वेळ

विद्यार्थिमित्रहो, “कोन मोजावयास शिकून पुढे उपयोग काय?” असा प्रश्न भूमितीच्या तासाला तुम्ही मला वारंवार विचारता. त्याचे उत्तर आपल्या कळंबातच, पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका लहानशा गॅरेजात, मला पाहावयास मिळाले. ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन इंधन व हवा यांचे मिश्रण वर दाबतो आणि विजेची ठिणगी ते पेटविते. पिस्टन माथ्यावर पोहोचला की ठिणगी पडत असावी, असे कोणासही वाटेल. परंतु ज्वाला पसरावयास वेळ लागतो. यास्तव ठिणगी काही अंश आधीच पाडावी लागते. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दांडा एक अंश फिरावयास सेकंदाचा अठराहजारावा भाग पुरतो! एवढ्या सूक्ष्म काळाचा हा हिशेब आहे.

त्या गॅरेजाचे मेस्त्री माझे जुने विद्यार्थी. एका जुन्या मोटारीस सीएनजीची जोडणी करून ते ‘टायमिंग’ बसवीत होते. ठिणगीसरशी लुकलुकणारा दिवा त्यांनी फिरत्या चाकावर धरला, तोच चाकावरील खूण जणू जागीच थबकली. डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून त्यांनी ती खूण हवी तेथे आणिली. “पुस्तकातल्या आकड्याहून हा निराळा कसा?” असे मी विचारले. ते म्हणाले, “सर, तो आकडा मूळ इंजिनाचा. याचं जेवणच बदललंय आता.”

उत्तर मार्मिक होते. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणून ठिणगी अधिक आधी लागते. उलट, हेड घासून दाब वाढविलेल्या इंजिनात पेट्रोलचे मिश्रण लवकर भडकते. तेथे ती बहुधा मागे घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे आपल्या देशात कोळशाच्या वायूवर मोटारी चालविल्या गेल्या, तेव्हाही ठिणगी अशीच पुढे घ्यावी लागे. मात्र वायूसाठी पुढे घेतलेली ठिणगी, तीच गाडी पेट्रोलवर चालविताना, घातक ठरू शकते. म्हणून आजच्या पुष्कळ गाड्यांत इंधनानुसार वेळ बदलण्याचे काम संगणक करितो.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. नारायणगावच्या बाजारी टोमॅटो नेणाऱ्या गाडीची ठिणगी उशिरा पडली, तर चढावर दम राहत नाही, इंजिन तापते व इंधन व्यर्थ जाते. फार आधी पडली, तर इंजिन खडखडते. ती खडखड दुर्लक्षिली की पिस्टनास भोक पडावयासही वेळ लागत नाही. मग एका कुटुंबाची मिळकतच थांबते.

मेस्त्रींची वही मी चाळली. प्रत्येक गाडीचा आधीचा अंश, नंतरचा अंश आणि चढावर आलेला अनुभव तीत नोंदलेला होता. एका वेळी एकच फेरफार करावयाचा, तो पारखावयाचा, मगच पुढे जावयाचे, हा त्यांचा परिपाठ. प्रयोगशाळेत आम्ही याहून निराळे काय शिकवितो?

मुलगा गॅरेजात गेला म्हणजे शिक्षण वाया गेले, असे कित्येक पालक खेदाने बोलतात. त्यांस माझी नम्र विनंती आहे, की त्यांनी ती वही एकदा अवश्य पाहावी. विद्यार्थ्यांनी मात्र कोनमापक विसरू नये.